डेकखालचा पाठीराखा

एक जाडसा कागद घ्या. त्याला सुईने भोक पाडून दोरा ओवा आणि दोऱ्याच्या मागच्या टोकाला गाठ मारा. आता दोरा ओढा. थोड्याशा ओढीनेच गाठ कागद फाडून बाहेर येईल. हाच प्रयोग पुन्हा करा. पण गाठ मारण्यापूर्वी दोरा कोटाच्या मोठ्या बटणातून ओवून घ्या. या वेळी कागद फाडायला कितीतरी अधिक जोर लावावा लागेल.

असे का व्हावे? ओढ एकाच जागी न पडता मोठ्या जागेवर वाटली गेली. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच.

होडी बांधणारे कारागीर हेच बटण निराळ्या रूपात वापरतात. होडीच्या डेकवर दोर बांधण्यासाठी दोन शिंगांचा एक खुंटा असतो. त्याला क्लीट म्हणतात. वादळात दोराला जबरदस्त हिसके बसतात. अशा वेळी क्लीट उपटली, तर होडी खडकावर आदळू शकते. ताणलेल्या दोराबरोबर उडालेली क्लीट माणसाचा जीवही घेऊ शकते! म्हणून डेकच्या खालच्या बाजूस, नटांच्या आत, एक पट्टी घालतात. तिला आपण पाठपट्टी म्हणू.

थोडे गणित करू. क्लीटला चार बोल्ट आहेत आणि प्रत्येक नटाखालच्या वॉशरचे क्षेत्रफळ २.५ चौ. सें.मी. आहे. ५०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ वरच्या दिशेने बसली, तर दर चौ. सें.मी.ला ५० किलोग्रॅम भार येईल. त्याऐवजी २० सें.मी. लांब व १० सें.मी. रुंद पट्टी घातली, तर तोच भार सुमारे २.५ किलोग्रॅमवर येतो. मात्र एक अट आहे. पट्टी ताठ हवी. पातळ पट्टी नटाभोवती वाकते आणि तिच्या कडा नुसत्याच राहतात. जाडी दुप्पट केली, की ताठपणा आठपट होतो!

मग पट्टी कशाची करावी? प्लायवुड स्वस्त आणि हलके. पण त्यात पाणी मुरले की ते कुजते. पॉलिथीनची जाड पाटी कुजत नाही. परंतु सततच्या दाबाखाली ती हळूहळू दबत जाते आणि नट सैल पडतात. स्टेनलेस पोलाद बळकट खरे, पण जड आणि भोके पाडायला कठीण.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या एकतृतीयांश. मात्र स्टेनलेसचे बोल्ट, ॲल्युमिनियमची पट्टी आणि खारे पाणी एकत्र आले, की विजेचा घटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. हा धडा जुनाच आहे. १७६१ साली 'अलार्म' या ब्रिटिश युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला होता. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले! जेथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये कागद शिल्लक होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते.

काचतंतू आणि इपॉक्सी यांची पाटी या कटकटीतून सुटते. ती गंजत नाही, कुजत नाही आणि तिच्यातून वीजही वाहत नाही. ती पोलादाइतकी ताठ नसते. परंतु जाडी साधारण दुप्पट घेतली, की ताठपणाची उणीव भरून निघते. एवढे करूनही तिचे वजन पोलादी पट्टीच्या निम्म्याच्या आसपास राहते. म्हणूनच काचतंतूंच्या होड्यांना ती विशेष मानवते.

आता एक काम तुमच्यासाठी. पाठपट्टीचे कोपरे टोकदार न ठेवता गोल करतात. का बरे? बटणाऐवजी जाड पुठ्ठ्याचा एक चौकोनी आणि एक गोल तुकडा घेऊन प्रयोग करा. कागद फाटायला सुरुवात कोठून होते, ते नीट पाहा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.