सोडलेला कुत्रा आणि ५० रुपयांचा कायदा

ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर नोव्हेंबर २०२३ मध्ये हरवलेली व्हॅलेरी ही चिमुकली डॅशहुंड कुत्री ५२९ दिवसांनी जिवंत सापडली, तेव्हा जगभर तिचे कौतुक झाले. घरात लाडाने वाढलेला प्राणी रानात तग धरतो कसा, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्या बेटावर कोल्हे नाहीत, डिंगोही नाहीत. भारतात या प्रश्नाचे उत्तर अधिक कठोर आहे.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला, तरी हजारो वर्षांच्या सहवासाने त्याचे पोट माणसाच्या उंबरठ्याशी बांधले गेले आहे. पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा त्याच्यात पुष्कळ अधिक असते. त्यामुळे घर सुटलेला कुत्रा सहसा शिकारी होत नाही. तो आपल्या उकिरड्याचा आश्रित होतो. लडाखमध्ये छावण्या, हॉटेले आणि पर्यटकांचे तंबू यांच्या उष्ट्यावर कुत्र्यांचे कळप पोसले गेले. हिवाळ्यात उष्टे आटले की ते मेंढरांकडे वळतात. उन्हाळ्यात चांगथांगमध्ये जमिनीवर घरटे करणाऱ्या काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी आणि पिल्ले त्यांच्या तोंडी पडतात. राजस्थानात माळढोकालाही हाच धोका आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते. २०२३ च्या नियमांनुसार त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना पकडलेल्या जागीच सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीबाबतचा आपला आधीचा आदेश बदलताना, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळता, हेच तत्त्व मान्य केले. शहराच्या गल्लीत ते तर्कसंगत आहे. पण पकडलेली जागाच क्रौंचाच्या घरट्याशेजारची असेल, तर काय करायचे?

प्रशासनात असताना मी पाहिले, की कचऱ्याची नस्ती एका टेबलावर, कुत्र्यांची दुसऱ्या आणि वन्यजीवांची तिसऱ्याच खात्यात असे. तिन्ही नस्त्यांचा विषय एकच आहे, हे कोणत्याही टिपणीत लिहिलेले नसे. उष्टे उघड्यावर पडत राहील, तोवर निर्बीजीकरणाचा खर्च गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखाच ठरेल. संवेदनशील अधिवासांसाठी वेगळी तरतूद, तेथील छावण्या व पर्यटनस्थळांवर कचऱ्याची सक्तीची विल्हेवाट आणि पाळीव कुत्र्यांची नोंदणी या तीन गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात.

नोंदणीचा आग्रह अशासाठी, की पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मात्र मालकाची नोंदच नसेल, तर गुन्हा कोणावर नोंदवायचा? आणि नोंदवला, तरी पहिल्या गुन्ह्यासाठी कमाल दंड ५० रुपये! १९६० साली ही रक्कम कदाचित जरब बसवणारी असेल. आज कुत्र्याचा गळपट्टाही तेवढ्यात येत नाही. तो सोडून दिल्याची खरी किंमत मात्र मेंढपाळ आणि क्रौंच मोजतात.