फुकटची दुरुस्ती आणि डॅशबोर्डवरचा ओरखडा

बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बिडदी हे गाव लागते. १९९७ साली स्थापन झालेल्या आणि टोयोटाच्या जोडीने किर्लोस्करांचे नाव धारण करणाऱ्या कंपनीचा कारखाना तेथे आहे, आणि बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ झालेल्या उद्योगकुलाची ही शाखा पाहून मराठी प्रवाशाला किंचित अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. याच कंपनीने फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ या काळात तयार केलेल्या ४४,९८९ इनोव्हा गाड्या एप्रिल २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जगभर त्या वेळी परत बोलावलेल्या टोयोटा गाड्यांची संख्या ६३ लाखांहून अधिक होती. दोष होता स्टिअरिंगच्या चाकाखाली गुंडाळी करून बसविलेल्या एका चपट्या तारेत. चाक कितीही फिरले तरी एअरबॅगशी विजेचा संबंध अखंड राखणे हे तिचे कार्य. ती तुटली, तर प्रसंगी चालकाची एअरबॅग निरुपयोगी ठरावी, असा तो धोका होता.

अशा दुरुस्तीस मोटारींच्या जगात ‘रिकॉल’ म्हणतात. ती निर्मात्याच्या खर्चाने होते, म्हणून सामान्य मालक गाडी निश्चिंतपणे वर्कशॉपच्या हवाली करतो, आणि संध्याकाळी ती परत येते तेव्हा दोष नाहीसा झालेला असला तरी डॅशबोर्डच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचा व्रण, फिकट आसनावर ग्रीसचा पंजा, किंवा पूर्वी कधीही न ऐकलेली करकर यांपैकी काहीतरी पदरी पडल्याचे त्याच्या ध्यानी येते. हा निव्वळ निष्काळजीपणाच असतो असे नाही. आधुनिक गाडीच्या अंतर्भागात उघडे स्क्रू जवळपास दिसतच नाहीत. प्लास्टिकचे पत्रे आणि आवरणे आतल्या बाजूच्या क्लिपांनी गच्च बसविलेली असतात, आणि यांतील कित्येक क्लिपा एकदा काढल्या की पुन्हा पूर्वीसारख्या धरत नाहीत. ती आवरणे मऊ प्लास्टिकच्या पट्टीने, क्लिपेचे नेमके स्थान ओळखून, अलगद उचलावी लागतात. तेथे लोखंडी हत्यार घातले की कड चेपते, आणि उन्हाने ठिसूळ झालेले जुने प्लास्टिक असेल तर तुटतेच. टकाटा कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण तर याहून कठीण. त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने कालांतराने बिघडते व स्फोटाच्या वेळी धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर उडतात, हे उघड झाल्यावर जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यांपैकी प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डच्या पोटातच असल्याने, तिथवर पोहोचण्यासाठी निदान ग्लोव्हबॉक्स आणि आजूबाजूची आवरणे उखडल्यावाचून गत्यंतर नसते.

कारागिरावर सारा ठपका ठेवणे सोपे आहे. पण रिकॉलच्या प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हे निर्माता आधीच ठरवून देतो आणि डीलरला मेहनताना त्याच हिशोबाने मिळतो. नवी क्लिप मागविण्यात किंवा आसनांवर आच्छादन घालण्यात जाणारी मिनिटे त्या हिशोबात फारशी बसत नाहीत.

आता कायद्याकडे वळू. मोटारनिर्मात्यांच्या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वेच्छेने रिकॉलची संहिता पाळण्यास प्रारंभ केला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. परंतु हा सारा बंदोबस्त मूळ दोषाविषयी आहे. दोष काढताना नव्याने झालेल्या नुकसानीसाठी १८७२ च्या करार कायद्याकडेच जावे लागते. त्याच्या १५१ व्या कलमान्वये, दुसऱ्याची वस्तू अमानत म्हणून ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेतलीच पाहिजे, आणि हे कर्तव्य मोबदला मिळो वा न मिळो, सर्व प्रकारच्या अमानतींना लागू आहे. ‘साहेब, काम तर फुकट केले’ हे काउंटरवरचे उत्तर येथेच निकालात निघते.

ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक अडचण आहे: विनामूल्य दिलेली सेवा त्याच्या व्याख्येत येत नाही. डीलरचा वकील नेमके यावरच बोट ठेवील. माझ्या मते हा आक्षेप टिकू नये. कारण सेवेचे पैसे निर्माता डीलरला देतो, मालक हा त्या सेवेचा लाभार्थी असतो, आणि दुसऱ्याने मोबदला दिलेल्या सेवेचा त्याच्या संमतीने लाभ घेणाऱ्यासही हा कायदा ग्राहक मानतो. शिवाय गाडीची पुरी किंमत मालकाने पूर्वीच मोजलेली असते. रिकॉल हे त्या खरेदीचेच उरलेले देणे आहे.

प्रश्न उरतो पुराव्याचा. बंगळूरच्या वाहतुकीत वर्कशॉपपर्यंत जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो, म्हणून बहुतेक जण गाडी न्यायला आलेल्या ड्रायव्हरच्या हाती किल्ली देतात, आणि गाडी देतानाची तिची अवस्था कोणीच नोंदवून ठेवीत नाही. किल्ली देण्यापूर्वी अंतर्भागाची छायाचित्रे घ्यावीत, जॉब कार्डवर ‘अंतर्भाग निर्दोष’ असे लिहून घ्यावे, आणि परत घेताना एअरबॅगचा इशारादर्शक दिवा इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत विझतो की नाही, हे प्रथम पाहावे. न विझल्यास गाडी तेथून हलवूच नये. ओरखडे फाटकाबाहेर पडण्यापूर्वी दाखवावेत. करकर मात्र नंतरच कळते, आणि ती उघडकीस आणण्याच्या कामी या शहरातील रस्त्यांइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा सापडणार नाही.

बंगळूरच्या जे. सी. रोडवरील मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांतून नवे आवरण बसवून घेण्याचा मोह साहजिक आहे. परंतु तसे केल्याने पुरावाच नष्ट होतो. तेथून खर्चाचा लेखी अंदाज तेवढा घ्यावा आणि तक्रार डीलर व निर्माता या दोघांकडेही लेखी पाठवावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत आहे. गाडी पुण्यात घेतलेली असली तरी बंगळुरात राहणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मालकाला फिर्याद बंगळुरातच गुदरता येते.