विश्लेषण : मुलगा कमावता म्हणून मदत नाही! दक्षिण कोरियात कन्फ्युशियसची शिकवण वृद्धांच्या मुळावर कशी आली?

दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२२ मध्ये एक आगळी पत्रकार परिषद झाली. कन्फ्युशियन परंपरेत तेथे ज्या संस्थेचा शब्द प्रमाण मानला जातो, त्या ‘सोंगक्युनक्वान’ने जाहीर केले की, चुसोकच्या सणाला पूर्वजांपुढे मांडायच्या पानात तळलेले पदार्थ असण्याची काहीही गरज नाही, नऊ पदार्थ पुरेसे आहेत. चुसोक हा सुगीचा आणि पूर्वजांच्या स्मरणाचा सण. तो बहुतेकदा आपला पितृपक्ष सुरू होतो त्या सुमारासच येतो. या सणाला तासन् तास तळणीसमोर उभ्या राहतात त्या घरच्या सुना. त्यामुळे १३९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दिलेली ही सवलत कोरियात चर्चेचा विषय ठरली. मात्र पूर्वजांच्या पानापेक्षा कठीण प्रश्न हयात असलेल्या आई-वडिलांचा आहे.

कन्फ्युशियसने सांगितले काय?

इसवी सन पूर्व ५५१ मध्ये, आजच्या चीनमधील शांतोंग प्रांतात जन्मलेल्या या विचारवंताच्या परंपरेत समाज पाच नात्यांवर उभा असतो. राजा-प्रजा, पिता-पुत्र, पती-पत्नी, थोरला-धाकटा आणि मित्र-मित्र. यांतले शेवटचे नाते तेवढे बरोबरीचे, बाकी सर्वांत एक वर आणि एक खाली. अर्थात वरच्यावरही खालच्याला सांभाळण्याची जबाबदारी असते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. या साऱ्याच्या मुळाशी आहे आई-वडिलांची सेवा. तिला कोरियन भाषेत ‘ह्यो’ म्हणतात. पुंडलिकाची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक इतकाच की, कोरियात तिच्या आधारावर राज्यव्यवस्था आणि पुढे कायदाही उभा राहिला.

ही परंपरा किती जुनी?

वाटते तितकी नाही. १३९२ मध्ये सत्तेवर आलेल्या जोसन घराण्याने कन्फ्युशियन विचार राज्याचा पाया म्हणून स्वीकारला. तरीही पुढची दोन-अडीचशे वर्षे मुलींना वारशात मुलांइतकाच वाटा मिळत असे, पूर्वजांचे विधी त्याही आळीपाळीने करत आणि लग्नानंतर जावई सासुरवाडीत राहणे सर्रास होते. कोरियाचा थोर कन्फ्युशियन विद्वान यी ई याचा जन्म १५३६ मध्ये गांगनुंग येथे त्याच्या आईच्या माहेरच्या घरात झाला. आज तो पाच हजार वॉनच्या नोटेवर आहे आणि त्याची आई शिन साइमदांग ५० हजारांच्या. सगळे काही थोरल्या मुलाकडे, ही रीत पक्की झाली ती साधारण सतराव्या शतकात. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून जिची दुहाई दिली जाते, तिचे वय इतकेच.

कायद्यातून ती बाहेर कशी पडली?

न्यायालयांच्या मार्गाने, एकेक करून. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळ कुळाच्या स्त्री-पुरुषांना लग्न करता येत नसे, आपल्याकडच्या सगोत्र विवाहबंदीसारखेच. पण कोरियात किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच जवळपास निम्मी लोकसंख्या सामावते, गिम्हे किम या एकट्या कुळात ४० लाखांहून अधिक माणसे आहेत. त्यामुळे दूरान्वयानेही नाते नसलेली जोडपी नोंदणीविना राहत, त्यांच्या मुलांची कागदपत्रे अडत. सरकारने १९७८, १९८८ आणि १९९६ मध्ये वर्षभरापुरती सूट दिली, अखेर घटना न्यायालयाने १९९७ मध्ये ही तरतूद घटनेशी विसंगत ठरवली. कुटुंबाचा प्रमुख पुरुषच मानणारी ‘होजू’ पद्धत २००५ मध्ये याच न्यायालयात टिकली नाही आणि २००८ पासून रद्द झाली. या पद्धतीत वडील वारले की आईऐवजी मुलगा, प्रसंगी लहानगा नातू, घराचा कायदेशीर प्रमुख होई! विवाहित मुलींनाही कुळाचे सदस्य मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले. पूर्वजांचे विधी करण्याचा पहिला हक्क पुरुषाचाच, ही समजूत २०२३ मध्ये मोडीत निघाली.

मग वृद्ध गरीब का?

परंपरेतील अधिकार असे एकामागून एक गेले, कर्तव्य मात्र सरकारने हिशेबात धरून ठेवले. ६५ वर्षांवरील सुमारे ४० टक्के कोरियन सापेक्ष दारिद्र्यात आहेत. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या गटात हे प्रमाण सर्वाधिक आहे. गटाची सरासरी १४-१५ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या पिढीने युद्धानंतर देश उभा केला, तिची ही अवस्था. म्हातारपणी मुले बघतील, या भरवशावर तिने कमाई मुलांच्या शिक्षणावर आणि लग्नांवर खर्च केली. त्याच भरवशावर सरकारही निर्धास्त राहिले. राष्ट्रीय निवृत्तिवेतन सुरू झाले १९८८ मध्ये आणि शहरांतील स्वयंरोजगार करणाऱ्यांपर्यंत पोहोचले १९९९ मध्ये. तोवर अनेकांची नोकरीची वर्षे सरून गेली होती.

दरम्यान मुलांचे मत बदलले. आई-वडिलांना सांभाळणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे, असे १९९८ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० टक्के लोक म्हणाले होते. २०१८ मध्ये हा आकडा २७ टक्क्यांवर आला. त्याला केवळ कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे ठरेल. घरांच्या किमती, नोकरीतील अनिश्चितता आणि शिकवण्यांचा खर्च यांत पिचलेली ही पिढी आहे.

सर्वाधिक जाच झाला तो गरिबांना निर्वाह भत्ता देणाऱ्या, २००० मध्ये लागू झालेल्या योजनेतील एका अटीचा. अर्जदाराला मुले असतील तर त्यांचे उत्पन्नही पाहिले जाई. मुलगा कमावता असेल तर तो पैसे देतच असणार, असे गृहीत धरले जाई. मग त्याने कित्येक वर्षांत तोंडही दाखवलेले नसो. यातून सुटका हवी असेल तर नाते तुटल्याचे त्या वृद्धाने सरकारी कचेरीत सिद्ध करायचे. ‘माझ्या मुलाने मला टाकले आहे’ हे कागदावर लिहून देणे कोणत्याही आई-बापाला जड जाईल, कोरियात तर ती बेअब्रूच. अनेकांनी अर्जच केला नाही.

ज्यांच्याकडे थोडी मालमत्ता आहे, त्यांनी वेगळी वाट शोधली. घर नावावर करतो, पण सेवा करशील असे लिहून दे! असे लिहून घेऊन सोलमधील एका वडिलांनी मुलाला घर दिले. मुलाने शब्द पाळला नाही, तेव्हा घर परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला. त्यानंतर ‘ह्यो करारनामा’ हा शब्द वकिलांकडे रुळला.

शेजारी देशांत काय?

सिंगापूरमध्ये १९९५ च्या कायद्याने ६० वर्षांवरील आई-वडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. चीनने २०१३ पासून आई-वडिलांना वरचेवर भेटणे कायद्याने बंधनकारक केले, पण वरचेवर म्हणजे किती, हे सांगितले नाही. जपानने वेगळा मार्ग धरला. २००० मध्ये शुश्रूषा विमा आणून सुनांच्या खांद्यावरचे बरेच ओझे सरकारने उचलले.

एक सावधगिरी मात्र हवी. पूर्व आशियात काहीही घडले की कन्फ्युशियसकडे बोट दाखवण्याची सवय अभ्यासकांना आहे. चीनमध्ये भांडवलशाही का रुजली नाही, याचे एक कारण माक्स वेबरला त्याच्या विचारांत दिसले. आशियाई वाघ डरकाळ्या फोडू लागले तेव्हा श्रेयही त्यालाच मिळाले आणि १९९७ च्या आर्थिक संकटात वशिलेबाजीचे खापरही त्याच्याच माथी फुटले. कोरियातील वृद्धांच्या बाबतीत दोष त्याच्या शिकवणीपेक्षा, ती शिकवण पुढे करून खर्च टाळणाऱ्या धोरणाकडे अधिक जातो.

आता काय बदलले?

२००८ पासून गरीब वृद्धांसाठी करातून दिले जाणारे निवृत्तिवेतन आले, २०१४ मध्ये ते वाढवले गेले. आज ६५ वर्षांवरील ७० टक्के लोकांसाठी ते आहे, मात्र रक्कम एकट्यावर भागण्याइतकी नाही. निर्वाह भत्त्यासाठीची मुलांच्या उत्पन्नाची अट ऑक्टोबर २०२१ मध्ये बहुतांशी काढण्यात आली. फारच श्रीमंत मुले असलेल्यांनाच ती आता लागू आहे. गरिबांसाठीच्या वैद्यकीय मदतीत मात्र ही अट शिथिल झाली तरी अद्याप गेलेली नाही. म्हणजे त्याच वृद्धाला जेवणासाठी पैसे मंजूर होतात, आणि औषधपाण्यासाठी अजूनही मुलाचे उत्पन्न विचारले जाते.