समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया

सातारा जिल्ह्यात वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. अशीच पवनचक्की समुद्रात उभारायची तर काय बदलते? भारताने सागरी पवनऊर्जेचे धोरण 2015 मध्ये जाहीर केले आणि पुढे गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळील क्षेत्रे निवडली. समुद्रावर वारा अधिक जोरदार व एकसारखा असतो. खरी कसोटी लागते ती पायाची.

उथळ समुद्रात बहुधा सात-आठ मीटर व्यासाची पोलादी नळी तळात खोलवर ठोकून बसवतात आणि तिच्यावर मनोरा उभारतात. ही नळी नुसती मजबूत असून भागत नाही. का, ते वर्गात पाहता येईल.

प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेवर एका हाताने घट्ट दाबून धरा व बाहेरचे टोक छेडा. पट्टी ठरावीक गतीने कंप पावते. आता ती आणखी बाहेर सरकवा. कंपने मंदावतात, म्हणजेच आवर्तकाल वाढतो. मनोराही असाच डोलतो.

मोठ्या पवनचक्कीचे चक्र मिनिटाला सुमारे 8 फेरे घेते, असे समजू. म्हणजे एका फेऱ्याला साडेसात सेकंद लागतात. पाती तीन असल्याने दर अडीच सेकंदांनी एक पाते मनोऱ्यासमोरून जाते व त्याला हलका धक्का बसतो. लाटाही साधारण सहा ते दहा सेकंदांनी आदळतात. यांपैकी एखादा ताल मनोऱ्याच्या स्वतःच्या तालाशी जुळला, तर झोक्याला योग्य वेळी धक्के दिल्याप्रमाणे डोलणे वाढत जाते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. त्यामुळे पोलाद थकते व त्याला तडे जाऊ शकतात. म्हणून मनोऱ्याचा आवर्तकाल या दोन्हींच्या मध्ये, सुमारे चार सेकंद, ठेवतात.

परंतु समुद्राचा तळ स्थिर नसतो. नळीभोवती पाण्याचे भोवरे तयार होऊन वाळू-गाळ वाहून जातो व खड्डा पडतो. नळीचा मोकळा भाग वाढतो, अगदी बाहेर सरकवलेल्या पट्टीसारखा. आवर्तकाल वाढून लाटांच्या तालाकडे सरकतो. यासाठी नळीभोवती दगडांचा थर पसरतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह अतिशय वेगवान असल्याने हा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

आता पट्टीच्या टोकाला खोडरबर बांधून पुन्हा छेडा. पवनचक्की जितकी मोठी व जड, तितका तिचा पाया अधिक जाड का लागतो, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील.