संगणकाची रॅम आणि हमीचा करारनामा

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर लागणारे कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव संत्र्याच्या बागाईतीसाठी परिचित असले, तरी तेथील बागाईतदाराचे सरकार-दरबारचे बरेचसे काम आता संगणकावरच उरकते. सातबाऱ्याचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरील अनुदानाची मागणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म या साऱ्यांसाठी घरी किंवा दुकानी ठेवलेला लॅपटॉप चार जीबी रॅमचा असला, म्हणजे ब्राउझरमध्ये चार पाने एकदम उघडताच तो अडखळू लागतो. कारण रॅम भरली की उरलेली माहिती त्याला डिस्कवर नेऊन ठेवावी लागते, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद असते. अशा वेळी नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा आहे त्यातच रॅम वाढवणे हा शहाणपणाचा आणि काटकसरीचा उपाय होय. परंतु यंत्राची वॉरंटी अद्याप शिल्लक असते, झाकण उघडले की ती रद्द होते असे कोणीतरी सांगितलेले असते, आणि अधिकृत सेवा केंद्र बहुधा नागपुरात असल्याने रॅमच्या एका लहानशा पट्टीसाठी दिवसाचा खाडा करून यंत्र तेथे जमा करण्याची तयारी नसते. तेव्हा माणूस भीतीपोटी मंद यंत्र वर्षानुवर्षे सोशीत राहतो.

ही भीती सर्वस्वी निराधार नाही, पण बरीचशी अवास्तव आहे. वॉरंटी हा विक्रेत्याने कृपा म्हणून दिलेला आशीर्वाद नसून तो एक करारनामा आहे, आणि त्याच्या शर्ती वाचून पाहिल्यास असे आढळते की, कंपनी सामान्यतः स्वतः बसविलेल्या भागांतील मूळच्या दोषांची हमी घेते; पाणी सांडणे, यंत्र आदळणे, ग्राहकाच्या हातून काही मोडणे यांची घेत नाही. बाहेरून आणलेली रॅम तिच्या हमीत येत नाही, हे उघडच आहे. त्या रॅमची हमी रॅम बनविणाऱ्याने स्वतंत्रपणे दिलेली असते. परंतु रॅम बाहेरची म्हणून पडद्याची किंवा कळफलकाची हमी संपावी, असा न्याय कोणत्या तर्काने निघतो? डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची सेवापुस्तिका संकेतस्थळावर ठेवतात, आणि झाकण कसे काढावे, रॅम कशी बदलावी हे तीत चित्रांसह दाखवितात. म्हणून पहिले काम हे की, आपल्या मॉडेलची पुस्तिका आणि हमीच्या शर्ती दोन्ही आधी वाचाव्यात. काही पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य बोर्डावर कायमची डाख दिलेली असते. तेथे हा प्रश्नच मिटतो.

स्क्रूवर चिकटविलेल्या ‘काढल्यास हमी रद्द’ अशा कागदी चकतीविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे. अमेरिकेत 1975 च्या वॉरंटी कायद्याने विशिष्ट सुटे भाग किंवा विशिष्ट दुरुस्तीकार वापरण्याच्या सक्तीवर हमी अवलंबून ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे, आणि अशा चकत्या व मजकुरांबद्दल 2018 मध्ये तेथील व्यापार आयोगाने काही कंपन्यांना तंबीची पत्रे धाडली. आपल्याकडे इतका स्पष्ट कायदा नाही. तथापि भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध जो निवाडा दिला, त्यात बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणास्तव सरसकट हमी रद्द करण्याची शर्त घालता येणार नाही, त्या कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे बजावले. त्याविरुद्ध पुढे अपिले झाली. निवाडाही मोटारींपुरता होता. परंतु त्यातील तत्त्व संगणकास लागू पडू नये असे मला कोणतेही कारण दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. डीडीआर 4 च्या लॅपटॉपमधील पट्टीला 260 पिना आणि 1.2 व्होल्टचा दाब, तर डीडीआर 5 ला 262 पिना आणि 1.1 व्होल्ट, दोहोंच्या खाचा निरनिराळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि ती बळाने बसवू पाहणे म्हणजे हमी खरोखरच घालविणे होय. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी प्रथम सोडवावी. विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्यात लोकरी स्वेटर घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या अंगी स्थिर विद्युत साठते. सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंतचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण रॅमच्या चिपला त्याहून पुष्कळ कमी दाबही घातक ठरू शकतो. यास्तव पट्टीला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या उघड्या लोखंडाला स्पर्श करावा, आणि पट्टी कडांनीच धरावी. झाकणाच्या कडेचे प्लॅस्टिकचे आकडे पेचकसाने उचकटू नयेत, जुने एटीएम कार्ड सरकवून ते एकेक सोडवावेत. कारण तुटलेला आकडा सेवा केंद्राला आयतेच निमित्त देतो. स्क्रू लहानमोठे असतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर बोर्डाला इजा पोहोचते, म्हणून ते ज्या जागचे त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. नवी पट्टी तिरपी धरून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवावी आणि मग हलकेच खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ आवाज झाला की ती बसली. त्यानंतर प्रथम सुरू करताना, विशेषतः डीडीआर 5 मध्ये, पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. यंत्र त्या वेळी नव्या रॅमची चाचपणी करीत असते, तेव्हा घाबरून बटण दाबू नये.

मूळची पट्टी काढावी लागली असल्यास ती विकू नये. अनेक कंपन्यांच्या शर्तींतच, दुरुस्तीला देण्यापूर्वी बाहेरचे भाग काढून घ्यावेत असे लिहिलेले असते, आणि मूळ पट्टी परत लावून पाहिल्याने दोष नव्या रॅमचा की यंत्राचा, याचाही उलगडा होतो. झाकण उघडण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, यंत्राचे व रॅमचे बिल, आणि हमीचा कागद हे दस्तऐवज एकत्र असावेत. एवढे करूनही केंद्राने हमी नाकारली, तर कोणत्या कलमान्वये नाकारली आणि रॅममुळे हा बिघाड कसा झाला, याचा खुलासा लेखी मागावा. तोंडी नकारावर परत फिरू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तेथेही दाद लागली नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच फिर्याद गुदरता येते. म्हणजे कंपनीची कचेरी दूर बंगळुरात असली, तरी कारंज्याच्या माणसाची तक्रार वर्ध्याच्या जिल्हा आयोगापुढे चालते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिची फी पडत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.