मिरजेहून औंधला आलेला नमस्कार

सूर्यनमस्कार वेदकाळापासून असाच चालत आला आहे, असं आपण सहज म्हणून जातो. सूर्योपासना प्राचीन आहेच. सज्जनगडाच्या या मुलखात समर्थांच्या परंपरेनंही नमस्कारांना मोठा मान दिला. पण शाळेच्या पटांगणात अंकांवर घातला जाणारा नमस्कार मुख्यतः बांधला गेला तो सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, गेल्या शतकाच्या सुरुवातीला. बांधणारे होते औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचं संस्थान औंध, आटपाडी, कुंडल अशा तुकड्यांत विखुरलेलं; आज त्यातलं काही साताऱ्यात, काही सांगलीत.

तरुणपणी बाळासाहेबांचं अंग सुटलं होतं. युरोपात गाजलेल्या व्यायामपटू यूजेन सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवून त्यांनी जवळपास दहा वर्षं नेटानं मेहनत केली. 1908 मध्ये ते नमस्कारांकडे वळले, ते मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्यामुळे. मिरजेचं हे ऋण ठळकपणे सांगितलं जायला हवं.

त्यांचा नमस्कार दहा अंकी. ताठ उभं राहून हात छातीशी जोडायचे, मग गुडघे न वाकवता तळवे जमिनीवर टेकायचे. एकदा टेकलेले हात उठेपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. नवशिक्याचा कस लागतो तो इथेच. एक पाय मागे, मग दुसरा. मग साष्टांग, पण पोट अधांतरी. पुढे छाती वर, कंबर वर, आणि आल्या वाटेनं परत. तालमीत जोर काढणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. सोबत ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरं. त्यांच्या उच्चारानंही शरीराला लाभ होतो, अशी बाळासाहेबांची धारणा होती.

बाळासाहेबांचा जन्म 1868 चा. त्याच वर्षी ओकिनावात गिचिन फुनाकोशी जन्मले, शोतोकान कराटेचे प्रवर्तक. त्यांचे गुरू आन्को इतोसू यांनी कराटे शाळांत शिकवावं म्हणून दहा सूत्रांचं पत्र लिहिलं, तेही 1908 मध्येच. या दोघांचा औंधशी काडीचा संबंध नव्हता. तरी काम एकाच जातीचं होतं: गुरूपाशी बसून मिळणारी विद्या अंकांत बसवायची, म्हणजे एक मास्तर सबंध वर्गाला शिकवू शकतो.

औंधच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. स्त्रियांनीही ते घालावेत, हा बाळासाहेबांचा आग्रह त्या काळात धाडसाचा होता. औंधातच राहणाऱ्या पंडित सातवळेकरांनीही या व्यायामाचा हिरिरीनं प्रचार केला. 1936 मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले, तेव्हा पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्यांची पद्धत तिथल्या वाचकांपुढे मांडली. 1938 मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे बाळासाहेबांचं पुस्तक लंडनहून निघालं.

आज बारा अंकी प्रकार सर्वत्र रुळला आहे. हात उंचावून मागे झुकण्याची त्यातली स्थिती औंधच्या नमस्कारात नव्हती. निदान सातारा-सांगलीच्या शाळांनी तरी मूळ दहा अंकांचा नमस्कार पुन्हा सुरू करावा.