कांद्यावरचं शुल्क नेमकं कुणी भरलं?

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि दोनच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. १ एप्रिल २०२५ ला शुल्क पूर्णपणे उठलं. मधल्या काळात किमान निर्यात मूल्य, सरसकट बंदी, पुन्हा ४० टक्के, मग २० टक्के असे सगळे प्रकार कांद्याच्या वाट्याला आले. त्याच सुमारास विदर्भातल्या संत्र्यावर बांगलादेशाचं आयात शुल्क चढत होतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. या सगळ्यामुळे हा विषय आता गावोगावी बोलला जातो, आणि ते चांगलंच आहे. पण बोलण्यात काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की राग भलत्यावर निघतो आणि मागणीही भलतीच केली जाते.

‘शुल्क परदेशातला माणूस भरतो’

भारताने निर्यातीवर शुल्क लावलं की ते भारतातला निर्यातदार भरतो. अमेरिकेने भारतीय चादरींवर शुल्क लावलं की ते अमेरिकेतला आयातदार अमेरिकेच्याच तिजोरीत भरतो. कायदा इतका सरळ आहे. पण पावती कुणाच्या नावाने फाटली यावरून भार कुणी सोसला हे कळत नाही. तो खाली सरकत सरकत ज्याला थांबता येत नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो.

कांद्याचा हिशेब करून बघू. समजा, दुबईचा खरेदीदार न्हावाशेवा बंदरावर किलोला ३० रुपये द्यायला तयार आहे. पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा त्याला त्याच भावात मिळत असेल तर तो एकतिसावा रुपया देणार नाही. ४० टक्क्यांनी शुल्क झालं १२ रुपये. उरले १८. त्यातून गोणी, प्रतवारी, हमाली, कंटेनरचं भाडं, खराब निघणारा माल आणि निर्यातदाराचा नफा वजा करा. जे उरेल ते शेतकऱ्याचं. ते १२ रुपये निर्यातदार बंदरावर भरतो खरे, पण लासलगावला किंवा पिंपळगावला लिलावात बोली लावतानाच त्याने ते कापून घेतलेले असतात.

यातला दुसरा भाग फारसा कुणी बोलत नाही. सरकारला शुल्क मिळतं ते फक्त परदेशी गेलेल्या मालावर. पण लिलाव एकच असतो. निर्यातीसाठी बोली लावणारा मागे हटला की दिल्ली-कोलकात्याला माल पाठवणाऱ्यालाही चढी बोली लावायची गरज उरत नाही. म्हणजे जो कांदा देशाबाहेर कधी जाणारच नव्हता, त्याचाही भाव पडतो. सरकारच्या तिजोरीत जमा होणाऱ्या रकमेपेक्षा शेतकऱ्यांच्या खिशातून गेलेली रक्कम कितीतरी मोठी असते, ती यामुळे.

आणि शेतकरी थांबू का शकत नाही? उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने तरी टिकतो, वजनात घट आणि सड सोसून का होईना. लाल कांदा काही आठवड्यांत विकावाच लागतो. डिसेंबर २०२३ मधली निर्यातबंदी आली ती नेमकी लाल कांद्याची आवक सुरू असताना. क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला भाव काही आठवड्यांत निम्म्याहून खाली गेला. चाळीत ठेवावा असा तो मालच नव्हता.

आयात शुल्काचा भारही असाच सरकतो, फक्त तिथे थांबू न शकणारा माणूस वेगळा असतो. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने आयात होणाऱ्या वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या होत्या. कपडे वाळवण्याच्या मशीनवर शुल्क नव्हतंच, पण ती जोडीने विकली जातात म्हणून तिचीही किंमत तेवढीच वाढली. अमेरिकेत सुमारे १,८०० रोजगार निर्माण झाले. त्यातल्या प्रत्येक रोजगारामागे ग्राहकांनी वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त रक्कम मोजली.

‘निदान शहरातल्या ग्राहकाचा तरी फायदा होतो’

होतो, हे मान्य केलं पाहिजे. निर्यात अडवली की देशात माल जास्त राहतो आणि भाव उतरतात. शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्यांनी हे नाकारू नये. पण हा फायदा एका हंगामापुरता असतो. पडलेल्या भावात पीक विकलेला माणूस पुढच्या वर्षी लागवडीचा खर्च करताना हात आखडता घेतो. सरकारच्याच आकडेवारीनुसार देशातलं कांद्याचं उत्पादन २०२२–२३ मध्ये ३०२ लाख टन होतं, ते २०२३–२४ मध्ये २४२ लाख टनांवर आलं. पावसाने दिलेली ओढ हे त्याचं मोठं कारण होतं, सगळा दोष धोरणावर टाकता येणार नाही. पण तोट्यात गेलेल्या शेतकऱ्याने कांद्याखालचं रान कमी केलं, हेही खरं. २०२४ च्या दिवाळीत शहरांतल्या ग्राहकाने किलोला ६० ते ८० रुपये मोजले, ते या दोन्ही गोष्टींमुळे.

‘सीमा बंद केली की माल थांबतो’

माल थांबत नाही, वाट बदलतो. निर्यातबंदीच्या काळात टोमॅटोच्या आड लपवून आखाताकडे निघालेला कांदा कस्टम्सने मुंबईच्या बंदरावर पकडला. जो पकडला गेला नाही त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

भारत आणि बांगलादेश यांच्यात ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे. पेट्रापोल-बेनापोल हा त्यावरचा सगळ्यांत गजबजलेला व्यापारी नाका. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशाच्या मालाला आपल्या भूमीवरून तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने भारतीय सूत जमिनीवरच्या नाक्यांमधून आणायला मनाई केली. १७ मे रोजी भारताने जाहीर केलं की बांगलादेशातले तयार कपडे यापुढे फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा या बंदरांतून येतील. ट्रकने काही दिवसांत पोहोचणारा माल आता जहाजाने आठवडे घेऊ लागला. कुठल्याच देशाने शुल्काचा दर एका टक्क्यानेही वाढवला नव्हता, तरी खर्च वाढला. नाका बंद करणं हेही एक शुल्कच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही आणि ती रक्कम कुठल्याही सरकारच्या तिजोरीत जात नाही. ती भाड्यात, गोदामात आणि अडकलेल्या भांडवलावरच्या व्याजात विरून जाते. नाक्यावरचे हमाल, ट्रकवाले, कागदपत्रं करून देणारे एजंट यांचं काम तर त्याच आठवड्यात आटतं.

‘संत्र्यावरचं शुल्क म्हणजे कांद्याचा सूड’

वरूड-मोर्शी पट्ट्यात हे सर्रास ऐकायला मिळतं. नागपुरी संत्र्याचं सगळ्यांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला सुमारे २० रुपये होतं, ते चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. बागेत किलोला जेवढा भाव मिळतो त्याच्या कितीतरी पट शुल्क. निर्यात कोसळली, माल देशातल्याच बाजारात कोंडला आणि भाव पडले. शेवटी राज्य सरकारने शुल्काची निम्मी रक्कम, किलोमागे ४४ रुपये, अनुदान म्हणून द्यायचं ठरवलं. म्हणजे बांगलादेशाच्या तिजोरीत जाणारं शुल्क महाराष्ट्रातल्या करदात्याने अर्धं उचलायचं.

सुडाची गोष्ट अगदीच निराधार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भारताने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आधी कल्पना देण्याचं ठरलेलं असताना असं का केलं, अशी तक्रार बांगलादेशाने अधिकृतपणे केली होती. त्याच्या आदल्या वर्षीच्या बंदीत तर तिथे कांदा विमानाने आणावा लागला होता. पण फक्त सूड म्हटलं की दुसरं कारण झाकलं जातं. मे २०२२ मध्ये बांगलादेशाकडे डॉलरची चणचण होती. तेव्हा त्यांनी फळं, फुलं, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं अशा शंभराहून अधिक वस्तूंवर शुल्क वाढवलं आणि ते सगळ्याच देशांच्या मालावर. कांदा आणि संत्रा एका ओळीत आणून ‘त्यांनी आपल्याला धडा शिकवला’ असं म्हणणं सोपं आहे. पण मग भारताने कांदा मोकळा केल्यावर संत्र्यावरचं शुल्क का उतरलं नाही, याचं उत्तर मिळत नाही.

कांद्याचा खरा परिणाम दुसरीकडेच झाला, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. वारंवारच्या बंद्यांनंतर बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवली आणि इतर देशांशी संधान बांधलं. २०२५ मध्ये आपण शुल्क पूर्ण काढलं, तेव्हा बराच काळ बांगलादेशच आयात परवाने देत नव्हता. गेलेलं गिऱ्हाईक अधिसूचना मागे घेतल्याने परत येत नाही. त्या वर्षीचा उन्हाळ कांदा शुल्क शून्य असूनही क्विंटलला हजार-बाराशेच्या आसपास विकला गेला, त्यात भरघोस आवकेइतकाच या गमावलेल्या बाजाराचाही हात होता.

‘शुल्काचं राजकारण सत्ताधाऱ्यांना फायद्याचं असतं’

१९९८ मध्ये महाग कांद्याने दिल्ली आणि राजस्थानात सत्ताधारी भाजपचा पराभव घडवला, अशी राजकारणातली पक्की आठवण आहे. तेव्हापासून प्रत्येक सरकार कांद्याच्या किरकोळ भावाकडे निवडणुकीच्या नजरेने पाहतं. २०२४ ने दुसरी बाजू दाखवली. एप्रिलमध्ये, महाराष्ट्रात बंदी कायम असताना, गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. ही बातमी नाशिकमध्ये प्रचाराच्या ऐन धामधुमीत पोहोचली. बंदी उठली ती ४ मे रोजी, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान मूल्य ठेवून. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना भास्कर भगरे यांनी हरवलं, नाशिक आणि अहमदनगरच्या जागाही गेल्या. कांदा, सोयाबीन आणि कापसाचा फटका बसला, असं तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच नंतर सांगितलं.

पण ‘कांदा सरकारं पाडतो’ हेही अर्धंच खरं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत त्याच पट्ट्याने महायुतीला भरभरून जागा दिल्या. मध्ये काय घडलं? १३ सप्टेंबरला कांद्याचं शुल्क २० टक्क्यांवर आणून किमान मूल्य काढलं गेलं आणि बासमतीचं किमान मूल्यही हटवलं गेलं. त्याच सुमारास कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसेही महिलांच्या खात्यात जमा होत होते, त्यामुळे निकालाचं श्रेय एकट्या शुल्काला देता येत नाही. तरी हरियाणा आणि महाराष्ट्राच्या निवडणुकांआधी हे सगळे निर्णय एकदम यावेत, यावरून शुल्काचं वेळापत्रक पिकाच्या नव्हे तर मतदानाच्या कॅलेंडरवर ठरतं, एवढं नक्की दिसतं.

‘शेतकऱ्याला शुल्क नकोच असतं’

लातूर-वाशिमच्या सोयाबीन उत्पादकाला विचारा. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून पाच-सातशे कमीच मिळत होते. स्वस्त पाम तेल आयात होत राहिलं तर सोयाबीनला भाव कुठून येणार? त्याला तेलावर आयात शुल्क हवं होतं, ते मिळालं, आणि मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क पुन्हा निम्म्यावर आलं. कापसाचं त्याहून वाईट झालं. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड उद्योग अडचणीत आला. त्याला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. यवतमाळ-अकोल्याचा नवा कापूस बाजारात येतो तो नेमका ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. वॉशिंग्टनमध्ये लावलेलं शुल्क तिरुपूरच्या कारखानदाराकडून सरकत सरकत विदर्भातल्या कापूस वेचणीपर्यंत आलं.

म्हणजे कांदावाल्याला निर्यात शुल्क नको आणि सोयाबीन-कापूसवाल्याला आयात शुल्क हवं. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्यांत विसंगती नाही, कारण दोघांचीही तक्रार खरं तर एकच आहे: पीक उभं असताना नियम बदलतात. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलं जातं, लागण डिसेंबर-जानेवारीत होते. पुढच्या जूनमध्ये कांदा बाहेर जाऊ देणार की नाही, आणि अडवायचा झालाच तर कुठल्या भावाला अडवणार, हे सरकारने रोप टाकण्याआधी सांगावं आणि हंगाम संपेपर्यंत पाळावं. असं बंधन घालून घ्यायला कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराची गरज नाही, दिल्लीतली एक अधिसूचना पुरेशी आहे.